कॅलिफोर्नियातली काउंटी राज्याच्या आमदारांकडून निधी कसा मिळवते? सल्लागार मंडळाने पत्र कधी, कुणाला लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काउंटीच्या मानसिक आरोग्य सल्लागार मंडळावर तुमची नुकतीच नेमणूक झाली आहे. निधी अपुरा पडतोय, राज्याचे नवे नियम अंगावर येताहेत, म्हणून जूनमध्ये स्थानिक आमदारांना मंडळातर्फे पत्र पाठवायचा विचार आहे.

बजेटसाठी जूनमधलं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं. राज्यघटना आणि कायद्याप्रमाणे गव्हर्नर १० जानेवारीपर्यंत बजेट मांडतात, १४ मेपर्यंत सुधारित आकडे येतात (याला सगळे 'मे रिव्हाइज' म्हणतात), १५ जूनपर्यंत विधिमंडळाला बजेट मंजूर करावं लागतं आणि १ जुलैला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. २०१० च्या प्रॉपोझिशन २५ पासून (प्रॉपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला प्रस्ताव) त्याला साधं बहुमत पुरतं आणि मुदत चुकली तर आमदारांचा पगार बुडतो. त्यामुळे १५ जून ही तारीख आता गांभीर्याने पाळतात. खरी रस्सीखेच फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत, दोन्ही सभागृहांच्या बजेट उपसमित्यांत होते. मे रिव्हाइजनंतर फक्त आधीपासून यादीत असलेले विषय टिकतात किंवा गळतात. तिथे नवा विषय घुसवणं जवळजवळ अशक्य.

विधेयकांचं वेळापत्रक निराळं. नवी विधेयकं मांडायची मुदत साधारण फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. म्हणजे कायद्यात बदल हवा असेल तर आमदाराच्या हातात मसुदा आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात पडायला हवा. जूनमध्ये विधेयकं दुसऱ्या सभागृहाच्या समित्यांत असतात. एखाद्या ठरावीक विधेयकाबद्दल लिहायचं असेल तर तुमचं पत्र अजून कामाचं आहे.

जिल्हा परिषदेची सवय असलेल्यांची इथे एक गफलत होते. इथे आमदार निधी नाही, पालकमंत्री नाही, जिल्हा नियोजन समिती नाही. काउंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स आणि राज्याचे आमदार ही दोन वेगळी घरं आहेत; विधिमंडळाचे कायदे काउंटीला पाळावे लागतात, पण एखादा आमदार बोर्डाला हुकूम देऊ शकत नाही. तरीही काउंटीला राज्याची राजधानी सॅक्रामेंटोच्या चकरा माराव्या लागतात, कारण ५८ काउंट्या राज्याचीच कामं राबवतात: मेडी-कॅलचे (गरिबांचा आरोग्य विमा) अर्ज, कॅलफ्रेश (अन्नमदत), बालसंरक्षण, प्रोबेशन (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या दोषींवर देखरेख), मानसिक आरोग्य. घरपट्टी काउंटी गोळा करते, पण १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने मूळ दर १ टक्क्यावर आणि करासाठी धरलेल्या किमतीतली वार्षिक वाढ २ टक्क्यांवर बांधून टाकली आहे. जमा झालेल्या पैशाची शाळा, शहरं आणि काउंटीत वाटणी कशी करायची तेही राज्याचा कायदा ठरवतो. वृद्ध आणि अपंगांना घरात सेवा देणाऱ्या आयएचएसएस योजनेत काउंटीने भरायचा हिस्सा दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढतो, मग काउंटीचं उत्पन्न तेवढं वाढो न वाढो.

म्हणून काउंटीचं निम्मं काम नवे पैसे मागण्याचं असतं आणि उरलेलं निम्मं नवा खर्च अंगावर येऊ न देण्याचं. माझ्या मते दुसऱ्याचा परतावा जास्त आहे, पण त्याचे फोटो निघत नाहीत.

तुमच्या विषयाचंच घ्या. २००४ च्या प्रॉपोझिशन ६३ ने १० लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्नावर १ टक्का जादा कर बसवला, तो मानसिक आरोग्यासाठी. मार्च २०२४ च्या प्रॉपोझिशन १ ने त्याची वाटणी बदलली: राज्याचा हिस्सा ५ वरून १० टक्के, आणि १ जुलै २०२६ पासून काउंटीच्या वाट्यातले ३० टक्के घरांसाठी, ३५ टक्के गंभीर रुग्णांच्या सर्वंकष सेवेसाठी, ३५ टक्के बाकी सेवांसाठी. आता 'मानसिक आरोग्याचा निधी वाढवा' असं पत्र आमदाराला लिहिलं तर त्याने नेमकं काय करायचं? तो कर श्रीमंतांच्या उत्पन्नावर, म्हणजे बऱ्याच अंशी शेअर बाजारावर हलतो. टक्केवारीतला महत्त्वाचा बदल दोन-तृतीयांश मतांशिवाय होत नाही. पण राज्याच्या आरोग्य सेवा खात्याने अहवालाचा नमुना सोपा करावा, एखाद्या अटीला सहा महिने जास्त द्यावेत, हे मागता येतं. यातल्या बऱ्याच गोष्टींना कायदाबदल लागतच नाही. आमदाराने खात्याच्या संचालकांना पत्र लिहिलं, बजेट उपसमितीत एक प्रश्न विचारला, की फाइल हलते. पत्र लिहायच्या आधी तुमची अडचण कायद्यात आहे, खात्याच्या परिपत्रकात आहे की बजेटच्या आकड्यात, हे काउंटीच्या वर्तणूक आरोग्य (मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती) विभागाकडून समजून घ्या. निम्मी पत्रं इथेच वाया जातात.

बजेटमधून पैसे हवे असतील तर एकदाचा खर्च मागा. इमारत, यंत्रणा, दोन वर्षांचा प्रयोग यांना आमदार मदत करू शकतात. कायमच्या पगारांची मागणी अर्थखात्याला दरवर्षीचं ओझं वाटते आणि ती पहिली कापली जाते. आणि फक्त आपल्याच आमदाराकडे जाऊन थांबू नका. ज्या उपसमितीत विषय आहे तिचे अध्यक्ष दुसऱ्याच भागातले असतील, तर त्यांच्या काउंटीलाही तीच अडचण आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. यासाठीच काउंट्यांची संघटना सीएसएसी आणि ग्रामीण काउंट्यांची आरसीआरसी उपयोगी पडतात.

आमदाराची वेळ मिळाली तर २० मिनिटं मिळतील, त्यातली दहा फोटोत जातील. खरं काम होतं ते कॅपिटलमधल्या (विधिमंडळाची इमारत) आमदाराच्या स्टाफरशी आणि समितीच्या कन्सल्टंटशी. विधेयकाचं विश्लेषण कन्सल्टंट लिहितो आणि मतदानाआधी आमदार तेच वाचतात. त्या विश्लेषणाच्या शेवटी समर्थक आणि विरोधकांची यादी असते. त्यात नाव यायचं असेल तर पत्र सुनावणीच्या साधारण आठवडाभर आधी विधिमंडळाच्या पत्र-पोर्टलवर चढलेलं हवं. सुनावणीच्या सकाळी पाठवलेल्या पत्राची नोंद होते, पण ते विश्लेषणात नसतं.

पत्र एक पान. पहिल्याच ओळीत विधेयकाचा क्रमांक, लेखक आमदाराचं नाव, कोणत्या तारखेच्या दुरुस्तीबद्दल लिहिताय ते, आणि भूमिका: समर्थन, दुरुस्ती केल्यास समर्थन, दुरुस्ती न केल्यास विरोध, विरोध. तारीख विसरू नका. विधेयक मध्येच बदलतं आणि तुम्ही काढून टाकलेल्या कलमाला विरोध करत बसता. दुरुस्ती मागत असाल तर नेमकी वाक्यरचना द्या. 'आमच्या चिंतांचा विचार व्हावा' यावर कन्सल्टंटला काहीच करता येत नाही.

मग आकडा. समजा एखादं विधेयक म्हणतं की काउंटीच्या तुरुंगातून सुटणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्राचा अर्ज भरून द्यावा. वर्षाला ६,००० माणसं सुटतात, प्रत्येकाला ४५ मिनिटं लागतात असं धरा, म्हणजे ४,५०० तास. सुट्ट्या आणि रजा वजा जाता एका कर्मचाऱ्याचे कामाचे तास वर्षाला १,८०० धरतात. म्हणजे अडीच पदं. पगार आणि लाभ मिळून एका पदाला १,४०,००० डॉलर धरले तर ३,५०,००० डॉलर. हे चार आकडे पत्रात मांडले की कुणालाही तपासता येतात. फुगवलेला आकडा अर्थखातं दोन दिवसांत फोडतं, आणि पुढच्या वर्षी तुमचा खरा आकडाही कुणी मानत नाही. विभागाने एक आणि काउंटी प्रशासकाच्या कार्यालयाने दुसरा आकडा देणं हा आणखी एक नेहमीचा घोळ.

या आकड्याचा दुसरा उपयोग सस्पेन्स फाइलसाठी, म्हणजे खर्चिक विधेयकं रोखून ठेवतात त्या यादीसाठी. असेंब्लीच्या (विधिमंडळाचं खालचं सभागृह) अॅप्रोप्रिएशन्स, म्हणजे खर्च तपासणाऱ्या, समितीत राज्याला १,५०,००० डॉलर किंवा जास्त खर्च येणारं विधेयक सस्पेन्स फाइलमध्ये जातं. मे आणि ऑगस्टमध्ये एकाच दिवशी शेकडो विधेयकांचा निकाल भराभर वाचला जातो, तेव्हा साक्ष वगैरे काही नसते. काउंटीवर पडणारा खर्च राज्याला भरून द्यावा लागू शकतो, म्हणून तोही तिथे मोजला जातो. तुमचा आकडा त्या विश्लेषणात गेला तर उत्तम. तो न दिल्यास 'स्थानिक खर्च अनिश्चित' एवढंच छापून येतं.

विधेयकाचं शेवटचं कलम आधी वाचा. राज्याने नवं काम लादलं तर खर्च भरून द्यावा, असं घटनेच्या कलम तेरा-बी, पोटकलम ६ मध्ये आहे. ही तरतूद १९७९ ची. पण त्याला पळवाटा आहेत: काउंटीला शुल्क आकारायचा अधिकार दिला, किंवा विधेयकाने नवा गुन्हा ठरवला, की भरपाई नाही. शेवटच्या कलमात 'भरपाईची गरज नाही' असं दिसलं तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. मानसिक आरोग्याची बरीच कामं २०११ च्या फेरवाटपात (राज्याने कामं आणि त्यांसाठीचा पैसा काउंट्यांकडे सोपवला तेव्हा) काउंटीकडे आली आहेत. २०१२ च्या प्रॉपोझिशन ३० मुळे त्यांचा खर्च वाढवणारा नंतरचा कायदा राज्य पैसे देईल तेवढ्यापुरताच काउंटीला लागू होतो. हा मुद्दा पत्रात दोन ओळींत जरूर घाला, लेखक आमदाराच्या स्टाफला तो बरेचदा माहीतच नसतो. कायदा झाल्यावर भरपाई मागायची तर कमिशन ऑन स्टेट मँडेट्स या राज्याच्या आयोगाकडे १२ महिन्यांत दावा लावावा लागतो आणि निकालाला वर्षं लागतात. म्हणून भांडण विधेयकाच्या टप्प्यावरच उरकावं.

आता तुमच्या मंडळाची मर्यादा. सल्लागार मंडळाने काउंटीच्या नावाने आमदारांना थेट पत्र लिहायचं नसतं. मंडळ बोर्डाला शिफारस करतं. बोर्ड दरवर्षी, बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात, एक विधिविषयक धोरणपत्र मंजूर करतं. एखादा विषय त्यात असेल तर प्रशासकाचं कार्यालय दोन दिवसांत पत्र काढू शकतं. नसेल तर विषयपत्रिका, बोर्डाचं मतदान, आणि तोवर सुनावणी उरकलेली. वैयक्तिक नागरिक म्हणून तुम्ही कधीही लिहू शकता, फक्त काउंटीचं लेटरहेड आणि मंडळाचं पद वापरू नका.

आणि मसुदा सगळ्या सदस्यांना ईमेलवर फिरवून 'चालेल का?' विचारू नका. ब्राउन अॅक्टप्रमाणे (सार्वजनिक मंडळांच्या बैठका उघड व्हाव्यात असा राज्याचा कायदा) बहुसंख्य सदस्यांनी असं आपसात ठरवणं ही बेकायदा बैठक होते. विषयपत्रिका ७२ तास आधी लागली पाहिजे आणि चर्चा उघड बैठकीत. सप्टेंबरच्या बैठकीत हा विषय घ्या आणि शिफारस ऑक्टोबरात बोर्डाकडे पाठवा. या जूनचं बजेट गेलं, पण पुढच्या धोरणपत्रात तुमचा विषय बसू शकतो.