अमेरिकेत धर्म आणि सरकार वेगळे आहेत, तर सरकारी चौकात ख्रिसमस ट्री चालतो आणि शाळेत दहा आज्ञा का चालत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात सरकारी कचेरीत सत्यनारायण होतो आणि कुणाला काही वाटत नाही. अमेरिकेत मात्र वर्गाच्या भिंतीवर बायबलमधल्या दहा आज्ञा लावल्या की लोक कोर्टात जातात, आणि त्याच अमेरिकेच्या नोटेवर ‘देवावर आमचा विश्वास आहे’ असं छापलेलं असतं. मग नियम तरी काय, आणि तिथल्या हिंदूंनी कुणाच्या बाजूने उभं राहावं, हा तुमचा प्रश्न.

मी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गजवळ राहते, २२ वर्षं झाली. या विषयातला एक गाजलेला खटला आमच्याच शहरातला आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

शहराच्या मध्यात ॲलेगेनी काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, जुनं कोर्ट आहे. १८८८ साली पुरी झालेली दगडी इमारत, आत कमानींखालून चढत जाणारा भव्य जिना. १९८०च्या दशकात एक कॅथलिक संस्था नाताळात या जिन्यावर येशूजन्माचा देखावा मांडायची. गव्हाणीत बाळ, शेजारी मरिया आणि योसेफ, मेंढपाळ, गुरं, आणि वर एक देवदूत, त्याच्या हातात देवाचा महिमा गाणारी लॅटिन पट्टी. तिथून जवळच शहर आणि काउंटीच्या कचेऱ्यांची इमारत आहे. तिच्या दारात ४५ फुटी ख्रिसमस ट्री होता, त्याला लागून ज्यूंच्या हनुक्का सणाचा १८ फुटी मेनोरा, म्हणजे त्यांची दीपमाळ, आणि झाडाच्या पायथ्याशी महापौरांच्या नावाने स्वातंत्र्याला वंदन करणारा फलक. जिन्यावरचा देखावा आणि दारातला मेनोरा, दोन्हींविरुद्ध खटला झाला. ३ जुलै १९८९ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: जिन्यावरचा देखावा घटनेविरुद्ध, ५ विरुद्ध ४ मतांनी. बाहेरचा मेनोरा मात्र चालेल, ६ विरुद्ध ३ मतांनी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नुसता वकिली कीस वाटला. नागरिक झाल्यावर ज्युरीसाठी बोलावणं आलं आणि त्याच इमारतीत जावं लागलं. तिथे कोण येतं ते पाहत बसले होते. घटस्फोटासाठी आलेली बाई, मुलाचा ताबा मागणारा बाप, हातकड्या घातलेला तरुण पोरगा. यातलं कुणीही हौसेने आलेलं नव्हतं. मीही नाही. बोलावल्यावर यावंच लागतं अशी ती जागा आहे, आणि तिथे सगळे सारखे असले पाहिजेत. त्या इमारतीच्या सर्वांत देखण्या जिन्यावर एकट्या एका धर्माचा देव बसवला, त्याला दुसऱ्या कशाची सोबत नाही, तर आत येणाऱ्याला काय कळतं? हे घर कुणाचं आहे ते कळतं. दारातल्या मांडणीत कोर्टाला तसं काही दिसलं नाही. दोन धर्मांच्या खुणा शेजारी शेजारी होत्या, आणि झाड तर आता धर्मापेक्षा ऋतूचीच खूण झालं आहे, असं कोर्टाचं म्हणणं.

त्याआधी १९८४ साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराचा खटला झाला होता. तिथे शहराने मांडलेल्या गव्हाणीभोवती सांताचं घर, रेनडियर, अस्वल, हत्ती, विदूषक असं बरंच काही होतं, म्हणून ती ५ विरुद्ध ४ मतांनी वाचली. यावर खुद्द श्रद्धाळू ख्रिस्ती माणसंही नाराज होतात, आणि मला त्यांचं पटतं. आपला गणपती सरकारी जागेत बसवायला परवानगी मिळावी म्हणून त्याच्याभोवती फुगे आणि कार्टूनच्या बाहुल्या ठेवायला सांगितल्या, तर मला फार लागेल. सरकारच्या पंखाखाली गेलेला देव शेवटी सजावटीचा भाग होऊन बसतो.

पिट्सबर्गमधून येशूजन्माचा देखावा गेला मात्र नाही. १९९९पासून यू. एस. स्टील टॉवरसमोरच्या पटांगणात दर नाताळात मोठा देखावा उभा राहतो, व्हॅटिकनमधल्या देखाव्याची अधिकृत प्रतिकृती. जागा खासगी, त्यामुळे कुणाचीच हरकत नाही. मी दरवर्षी बघायला जाते.

आता नियमाकडे येते. १७९१ सालची पहिली घटनादुरुस्ती दोन गोष्टी सांगते: सरकारने कुठल्याही धर्माची प्रतिष्ठापना करू नये, आणि कुणाच्या धर्माचरणात आड येऊ नये. ‘धर्म आणि राज्य यांच्यामधली भिंत’ हे शब्द घटनेत नाहीत. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी ते १ जानेवारी १८०२ रोजी कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रात वापरले. त्या राज्यात तेव्हा दुसऱ्याच पंथाला राजाश्रय होता आणि हे बाप्टिस्ट अल्पसंख्य होते. त्याच्याही आधी, १६४४ साली, ऱ्होड आयलंड वसवणाऱ्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामध्ये भिंत हवी असं लिहून ठेवलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण ही नास्तिकांची कल्पना आहे असा आपल्याकडे समज असतो. ती भिंत मागणारी माणसं देवभोळी होती. शेजारच्या पंथाच्या हातात सरकार गेलं की काय होतं, हे त्यांनी भोगलं होतं. आमच्याच राज्यात, फिलाडेल्फियात, शाळेत कुठलं बायबल वाचायचं या वादातून १८४४ साली दंगली झाल्या आणि कॅथलिक चर्चं जाळली गेली. दोन्हीकडचे ख्रिस्तीच होते.

त्यामुळे कोर्ट मुख्यतः बघतं ते हे, की बोलतंय कोण. सरकार बोलतंय, की सरकारी जागेत उभा राहून एखादा नागरिक बोलतोय? नागरिक बोलत असेल तर सरकारने सगळ्यांना सारखी जागा द्यायची. बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर एका खांबावर १२ वर्षांत वेगवेगळ्या गटांच्या विनंतीवरून २८४ वेळा ध्वज चढले, एकदाही नकार नव्हता. ख्रिस्ती ध्वजाचा अर्ज आला तेव्हा तेवढा नाकारला. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की शहराचं चुकलं. हा निकाल मला योग्य वाटतो.

आमच्या अनुभवातलं सांगते. गावच्या सार्वजनिक वाचनालयात दारापाशी काचेचं कपाट आहे. कुठल्याही गटाने अर्ज करायचा आणि पाळीप्रमाणे ते वापरायचं. आमच्या मंडळाने एका वर्षी भाद्रपदात तिथे शाडूचा गणपती, मखर, आरतीचं ताम्हण मांडलं. खाली चिठ्ठी: ‘ही मांडणी एका स्थानिक गटाची आहे.’ आमच्या आधी तिथे मधमाश्या पाळणाऱ्यांची मांडणी होती, आमच्यानंतर एका चर्चच्या गोधड्या. यात सरकारने गणपतीला मान दिला नाही, आम्हाला जागा दिली. मला तेवढंच हवं होतं.

सरकार स्वतः बोलायला लागलं की काय होतं, ते न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी पॉटकेटच्याच निकालात मांडलं. सरकारने एका धर्माला पाठिंबा दिला की तो धर्म न मानणाऱ्यांना संदेश जातो की तुम्ही बाहेरचे, या समाजाचे पुरे सभासद नाही, आणि मानणाऱ्यांना संदेश जातो की तुम्ही आतले, लाडके. परदेशी राहिलेल्या कुणालाही यातलं ‘बाहेरचे’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. २७ जून २००५ रोजी सुप्रीम कोर्टाने दहा आज्ञांवरचे दोन निकाल एकाच दिवशी दिले. टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातला, १९६१ साली भेट मिळालेला दगडी स्तंभ राहू द्या. केंटकीतल्या कोर्टांच्या भिंतींवर तेव्हा काही वर्षांपूर्वीच लावलेल्या चौकटी मात्र काढा. दोन्हीकडे ५ विरुद्ध ४. टेक्सासच्या खटल्यात हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या वतीनेही कोर्टापुढे म्हणणं मांडलेलं होतं. केंटकीच्या निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विरोधी मत लिहिलं. त्यांचा मुद्दा असा: देशातल्या श्रद्धावंतांपैकी ९७.७ टक्के लोक ख्रिस्ती, ज्यू किंवा मुस्लिम, म्हणजे एकेश्वरवादी. देशाची परंपरा पाहता अनेक देव मानणाऱ्यांची, माणसाच्या व्यवहारात लक्ष न घालणाऱ्या दैवतांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांची आणि नास्तिकांची दखल सरकारने घेतली नाही तरी घटनेला चालतं.

अनेक देव मानणारे म्हणजे कोण? माझ्या देव्हाऱ्यात गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक आहे. ते आम्ही. त्या दिवशी ते मत अल्पमतात होतं म्हणून आमचं निभावलं. हे वाचल्यापासून मी कुणाच्या बाजूची, हा प्रश्न मला पुन्हा पडला नाही.

‘आपणही आपली मूर्ती लावून समतोल साधू’ असं आपली मंडळी म्हणतात. ओक्लाहोमात तसं घडता घडता राहिलं. विधानभवनाच्या आवारात २०१२ साली दहा आज्ञांचा स्तंभ बसला, पुढच्या वर्षी सैतानाचं नाव घेणाऱ्या एका गटाने आपल्या पुतळ्यासाठी अर्ज केला, आणि नेवाडातल्या एका हिंदू संस्थेने हनुमानाच्या मूर्तीसाठी. बातमी वाचून मला क्षणभर आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. पण युटाच्या एका खटल्यात २००९ सालीच कोर्टाने ठरवलं होतं की सरकारी बागेतलं कायमचं स्मारक म्हणजे सरकारचं स्वतःचं बोलणं, कुठलं ठेवायचं ते सरकार निवडेल. म्हणजे मारुतीरायाला तिथे उभं राहायला आमदारांची मर्जी लागणार, आणि बहुमत बदललं की हलवणार. असा मारुती मला नको. शेवटी २०१५ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने राज्याच्या स्वतःच्या घटनेतल्या एका कलमाचा आधार घेऊन तो स्तंभच काढायला लावला. पुढच्या वर्षी ते कलम रद्द करावं का, यावर मतदान झालं, आणि इतक्या धार्मिक राज्यात ५७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. टेक्सासमधल्या शुगरलँडला २०२४ साली ९० फुटी हनुमान उभा राहिला, तो मंदिराच्या स्वतःच्या जागेत. तिथून त्याला कुणी हलवू शकत नाही.

नोटेवरच्या वाक्याचं म्हणाल, तर ते नाण्यांवर १८६४ साली आलं आणि १९५६ साली देशाचं बोधवाक्य झालं. कोर्टं त्याला जुनी रीत म्हणून सोडून देतात. मला ते न्यायाचं वाटत नाही, पण तिथे लढायची माझी इच्छाही नाही.

भीती वाटते ती याच ‘जुन्या रिती’ची. २०१९ साली मेरीलँडमधल्या ब्लेडन्सबर्गचा क्रूस वाचला. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या ४९ सैनिकांसाठी १९२५ साली उभारलेला, सरकारी जागेतला. इतकी वर्षं उभं असलेलं आता पाडणं म्हणजे धर्माशी वैर दिसेल, असं ७ विरुद्ध २ मतांनी ठरलं. तो निकाल मी समजू शकते, पाडापाडी मलाही नको. पण २०२२ साली, मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात, कोर्टाने जुन्या कसोट्या बाजूला ठेवल्या आणि यापुढे इतिहास आणि परंपरा पाहू असं म्हटलं. आमचा इथला इतिहास केवढा? बहुतेक भारतीय आले १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर. पिट्सबर्गचं वेंकटेश्वर मंदिर १९७०च्या दशकातलं, आणि तेही देशातल्या जुन्या हिंदू मंदिरांत मोडतं. जुनं ते चालेल असा नियम झाला की उशिरा आलेल्याच्या हाती काही उरत नाही.

२०२४ साली लुइझियानाने प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञा लावायचा कायदा केला, लगेच खटलेही सुरू झाले. त्यात शब्द कुठले लावायचे ते विधिमंडळानेच ठरवून दिलं. ज्यू, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांची त्या आज्ञांची मोजणी एकसारखी नाही, म्हणजे तिथेही एकाला निवडणं आलंच. आणि त्या आज्ञांत काय आहे? माझ्याखेरीज दुसरे देव नसावेत. मूर्ती घडवू नकोस, तिच्यापुढे वाकू नकोस. घरी आजीबरोबर गणपतीला दूर्वा वाहून शाळेत गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीने ही ओळ रोज समोर पाहायची, आणि ती सरकारने लावलेली. चर्चमध्ये ती ओळ असेल तर मी आदराने वाचेन.

तुमच्या ‘कुणाला काही वाटत नाही’बद्दल मात्र बोलायला हवं. भारताच्या घटनेची वाट वेगळी आहे. पंढरपूरला आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात, आणि त्याच घटनेचं २८वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको म्हणतं. त्या वाटेची तुलना इथे करत नाही. पण माझे वडील सरकारी नोकरीत होते. त्यांच्या कचेरीत वर्षातून एकदा सत्यनारायण व्हायचा, आणि वर्गणी सगळ्यांकडून घेत. एक मुसलमान कारकून होते. ते वर्गणी देत, खुर्च्या मांडायला मदत करत, आणि पूजा सुरू झाली की व्हरांड्यात जाऊन उभे राहत. मी तेव्हा प्रसादाच्या रांगेत असायचे. त्यांना काही वाटत असेल हे मला कळलं ते इथे येऊन, पहिल्या नाताळात, ऑफिसमधल्या प्रार्थनेच्या वेळी हात कुठे ठेवावेत ते न सुचून मी उभी होते तेव्हा.

पेनसिल्व्हेनियातही एकेकाळी सरकारी शाळेचा दिवस बायबलच्या १० वचनांनी सुरू करायचा कायदा होता. एका कुटुंबाने तो कोर्टात नेला आणि १९६३ साली तो ८ विरुद्ध १ मतांनी गेला. ते कुटुंब नेमाने चर्चला जाणारं होतं, युनिटेरियन पंथाचं. माझी दोन्ही मुलं याच राज्यातल्या सरकारी शाळांत बारावीपर्यंत शिकली.