वाचकांचे प्रश्न : सिद्धू, बादल आणि चार गोतं

प्रश्न : नांदेडला हजूर साहिबला येणाऱ्यांत कुणी सिद्धू, कुणी गिल, कुणी बादल असतात. ही सगळी जाटांची आडनावं का? (एक वाचक, नांदेड)

सिद्धू आणि गिल ही गोतं, बादल हे गाव. जाटाला पंजाबीत ‘जट्ट’ म्हणतात, ट वर जोर देऊन. आणि त्याच्या वंशशाखेला गोत. संधू, ढिल्लों, धालीवाल, ग्रेवाल, रंधावा, मान, विर्क, बाजवा ही त्यातली नेहमी कानावर पडणारी. खालशाच्या रिवाजाप्रमाणे पुरुषाच्या नावापुढे सिंग आणि बाईच्या नावापुढे कौर येतं, मग बऱ्याच घरांत गोत कागदावर येतच नाही. काही जण त्या जागी गावाचं नाव लावतात. माजी मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों आणि प्रकाशसिंग बादल या दोघांची आडनावं गावांची. गोत मात्र दोघांचंही ढिल्लों.

उलटी फसगतही होते. अहलुवालिया आणि रामगढिया ही मोठी शीख नावं जाटांची नव्हेत. गिल हे नाव मजहबी (म्हणजे दलित) शिखांत आणि पंजाबी ख्रिश्चनांतही भेटतं. चीमा, बाजवा, विर्क पाकिस्तानातल्या मुसलमान जाटांत सर्रास. तेव्हा नुसत्या आडनावावरून जात ओळखायला जाऊ नये.

प्रश्न : मैत्रिणीचं लग्न जट्ट शीख घरात जुळत होतं. ‘गोत अडतं’ म्हणून मोडलं. दोघांची आडनावं तर वेगळी होती! (एक वाचक, पुणे)

आपल्याकडे देवक जुळलं की सोयरीक थांबते, तसंच हे. फक्त जाळं मोठं. जुन्या रीतीनं चार गोतं टाळतात : स्वतःचं, आईचं, आजीचं (वडिलांच्या आईचं) आणि आईच्या आईचं. समजा मुलगा सिद्धू, आई माहेरची गिल, आजी धालीवाल, आईची आई संधू. मग मुलगी या चारांपैकी कुठल्याही गोतातली चालत नाही. मुलीकडची मंडळी आपली चार गोतं काढून तसंच ताडून बघतात. कडक घरांत दोन्हीकडची आठही गोतं एकमेकांवर पडता कामा नयेत. हल्ली बरीच कुटुंबं आई-वडिलांच्या गोतांपाशीच थांबतात, आणि परदेशात तर त्याहून सैल.

यात मराठी माणसाला सगळ्यात चमत्कारिक वाटते ती मामाच्या मुलीची गोष्ट. आपल्याकडे मामेबहीण हक्काची बायको. तिथं आईचं गोतच वर्ज्य, म्हणजे मामाची मुलगी ही बहीणच. एकाच गावातली मुलगीही तशीच, गोत वेगळं असलं तरी.

आडनावं वेगळी असून गोत अडण्याच्या दोन वाटा नेहमीच्या. एक म्हणजे गावाचं आडनाव. एक घर कैरों लावतं, दुसरं बादल, आणि दोन्ही ढिल्लों निघतात. दुसरी, पोटशाखा. बराड़ हे सिद्धूंतूनच फुटलेले, त्यामुळे सिद्धू-बराड़ लग्न भाऊबहिणीचं धरतात. मान, चहल आणि भुल्लर यांनाही परंपरा एका मुळाचे मानते. जुन्या लोकांत या तिघांचं आपसांत जुळवत नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत “आडनाव काय?” असं न विचारता “गोत कोणतं, आजोळचं गोत कोणतं, मूळ गाव कोणतं?” असं विचारावं. साखरपुडा झाल्यावर एखाद्या आजीच्या तोंडून कळलं की मग सगळ्यांचीच पंचाईत.

धर्माची मात्र यात काही अट नाही. शिखांची आचारसंहिता म्हणजे रहत मर्यादा. तिच्याप्रमाणे आनंद कारज, म्हणजे शीख लग्नविधी, जातगोत न बघता व्हावा. गुरू ग्रंथसाहिबाभोवती चार लावां (लग्नाची पदं) म्हणत चार फेरे झाले की लग्न लागलं. अडवतात ते घरचे. मराठी मुलगी असेल तर गोताचा प्रश्नच उरत नाही, बाकीचे प्रश्न उरतात.

प्रश्न : शीख धर्म जात मानत नाही, मग जाट उरले कसे? (एक वाचक, नाशिक)

लंगरच्या पंगतीत नाही, जमिनीत आणि सोयरिकीत उरले. दहाही गुरू जाट नव्हे, खत्री या व्यापारी जातीचे होते; त्यांची गोतं बेदी, त्रेहण, भल्ला, सोढी. जाट लवकरच पंथात आले आणि संख्येनं सगळ्यांत मोठे झाले. १६०४ मध्ये हरमंदिर साहिबचे पहिले ग्रंथी (ग्रंथसाहिबाचे पाठक) झालेले बाबा बुड्ढा रंधावा गोताचे जट्ट. ग्रंथात पदं असलेला धन्ना भगतही जाटच, पण राजस्थानचा. गुरू अर्जन यांच्या एका पदात नामदेव, कबीर, रविदास, सेना यांची कीर्ती ऐकून हा ‘जाटरो’ भक्तीला लागला असं सांगितलंय, आणि त्या यादीत पहिलं नाव आपल्या नामदेवांचं. धन्न्याचं देवाकडचं मागणंही ऐकण्यासारखं : डाळ, तूप, पायात जोडा, सात वेळा नांगरलेल्या रानाचं धान्य, दुभती गाय-म्हैस, एक चांगली घोडी आणि घरात चांगली बायको. मोक्षाचं नावही नाही!

पुढे इंग्रजांच्या १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्यानं शेतकरी जमातींची यादी केली. जाट यादीत आले. मजहबी आणि चर्मकार बाहेर राहिले, त्यांना यादीतल्यांची शेतजमीन विकत घेता येईना. २०११ च्या जनगणनेत पंजाबात अनुसूचित जाती ३१.९ टक्के आहेत. जमीन मात्र मुख्यतः जट्टांकडेच. कित्येक गावांत दलितांचा गुरुद्वारा वेगळा दिसतो तो याच भेदामुळे. रहत मर्यादेकडे बोट दाखवून हे झाकता येत नाही.

प्रश्न : ‘जठेरे’ म्हणजे काय? (एक वाचक, नागपूर)

गोताच्या मूळ पुरुषाचं ठाणं. बहुधा गावाबाहेरचा उंचवटा किंवा छोटी समाधी, जवळ तळं. नवी जोडपी तिथं डोकं टेकवतात आणि मूठभर माती उकरून बाजूला टाकतात, तिला ‘मिट्टी कढणं’ म्हणतात. मढी-समाधी मानू नये असं रहत मर्यादा स्पष्ट सांगते. तरी लग्नानंतर जोडपं तिथं जातं, आपल्याकडे कुलदैवताला जातात तसंच.