दारूचे उपचार पूर्ण करून भाऊ घरी आला आहे. केंद्र लांब असल्याने पुढचं समुपदेशन फोनवरच होईल. त्याचा उपयोग होतो का?

हो, होतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जेम्स मॅके आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या उपचारानंतर आठवड्याला 15-20 मिनिटांचा फोन (पहिले चार आठवडे जोडीला गटभेटीही) नेहमीच्या गटसमुपदेशनापेक्षा सरस ठरला होता. मात्र ज्यांचं पिणं सुरुवातीच्या उपचारातही पुरतं आटोक्यात आलं नव्हतं, त्यांना प्रत्यक्ष भेटीच जास्त लागू पडल्या.

फोनचा वार आणि वेळ ठरलेली हवी. नुसतं ‘बरा आहेस ना?’ विचारलं की ‘बरा आहे’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘या आठवड्यात तलफ कधी आली, सोबत कोण होतं, तेव्हा काय केलंस?’ असं विचारणारा समुपदेशक हवा. शनिवारी लग्नाला जायचं असेल तर शुक्रवारीच बोलून घ्यावं: ग्लास पुढे आला तर काय म्हणायचं, निघायचं कधी. तलफेची लाट बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कुणाशी बोलत राहिलं तरी निभावतं.

आणि पाय घसरलाच, तर त्याच दिवशी फोन करायला सांगा. कृपा करून तेव्हा रागावू नका, लाजेपोटीच माणसं फोन उचलणं बंद करतात.

पुन्हा रोज पिऊन अचानक थांबल्यावर हात थरथरू लागले, भास झाले किंवा आकडी (फिट) आली, तर थेट रुग्णालय गाठा.