दरवर्षी येणारा ‘अचानक’ खर्च

“मॅडम, मला फक्त एवढंच सांगा, घरबसल्या आणखी कुठलं काम करता येईल?”

खुर्चीत नीट टेकायच्या आत तिने हा प्रश्न टाकला. पैशाचं दुखणं घेऊन माझ्याकडे थेट येणारे कमीच. मुलाचं अभ्यासात लक्ष नाही, नवऱ्याशी बोलणं बंद आहे, झोप लागत नाही, असं काहीतरी सांगत लोक येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत महिनाअखेरीचा विषय निघतो. हिने सुरुवातच तिथून केली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे, कारण तो दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच.)

वय चाळिशीच्या आसपास. सकाळी अर्धा दिवस नोकरी, दुपारनंतर घर, दोन मुलं. नवऱ्याचा पगार नियमित. दीड वर्षात तिने तीन उद्योग करून पाहिले होते. घरी शिलाई मशीनवर अल्टरेशनची कामं. एका ओळखीच्या बाईच्या साखळीतून सौंदर्यप्रसाधनं विकणं. रात्री जागून टायपिंग. टायपिंगचे पैसे बुडाले. प्रसाधनांचा माल आधी स्वतःच्या पैशाने उचलावा लागला होता, तो अजून पलंगाखाली पडून होता. शिलाई तेवढी चालू होती. “आणि तरी वीस तारखेनंतर तेच,” ती म्हणाली. “हे म्हणतात, तुला हिशोब कळत नाही. खरंच मला कळत नाही का हो?”

या शेवटच्या वाक्यावर मी थांबले. कामांची यादी द्यायला दोन मिनिटं पुरली असती, पण स्वतःला मूर्ख समजणारा माणूस पैशाचे निर्णय घाबरत घेतो, आणि घाबरून घेतलेल्या निर्णयातूनच पलंगाखाली माल साठतो. मी तिला एक अभ्यास सांगितला. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापून आला होता. संशोधकांनी ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या दोनदा घेतल्या: कापणीआधी हात आखडलेला असताना आणि कापणीनंतर पैसे हातात आल्यावर. माणसं तीच, तरी कापणीआधीचे निकाल स्पष्टपणे वाईट आले. ओढाताणीत डोक्याचा बराचसा भाग त्या ओढाताणीतच अडकलेला असतो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “हे तुम्ही यांच्यासमोर सांगाल?”

पुढच्या वेळी दोघं आले.

मी आर्थिक सल्लागार नाही. कुठे गुंतवा, कोणता विमा घ्या हे मी सांगत नाही. पण एका घरात दोन माणसांना एकच आकडा वेगवेगळा दिसत असेल तर तो एका कागदावर आणणं, हे माझं काम आहे. म्हणून वही. तीस दिवस दोघांनी एकाच वहीत प्रत्येक खर्च लिहायचा. काही कमी करायचं नाही, कुणी कुणाला टोकायचं नाही, नुसतं लिहायचं. तो हसला, “या ॲपच्या जमान्यात वही?” मी त्याला हानी मोतोको यांच्याबद्दल सांगितलं. या जपानी पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही छापून काढली. तिला ‘काकेइबो’ म्हणतात आणि ती पद्धत आजही वापरात आहे. ॲप खर्च टिपतं खरं, पण हाताने लिहिताना आपण काय घेतलं याची नोंद आधी मनात होते. शिवाय ॲप एकाच्याच फोनमध्ये असतं. वही ओट्यावर पडलेली असते, दोघांना दिसते.

महिन्याने वही आली तेव्हा मी त्यांना सगळ्या आकड्यांचं शंभरात रूपांतर करायला लावलं. दोघांचे पगार मिळून शंभर. तिचे शिलाईचे पैसे तूर्त बाजूला. खरी रक्कम समोर असली की माणसं ‘तू किती आणतेस, मी किती आणतो’ यावर जातात. शंभरात मांडलं की भांडणाचा सूर जरा खाली येतो. घराचा हप्ता, बिलं आणि मुलांच्या महिन्याच्या फिया यांत ४६ गेले होते. किराणा-औषधं २७, प्रवास आणि फोन ८, क्रेडिट कार्डाचा भरणा ९, बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन किरकोळ खरेदी ७. बेरीज ९७.

“म्हणजे तीन उरायला हवेत,” तो म्हणाला. आवाजात ‘बघितलंत ना?’ होतं. “ते जातात कुठे?”

मी त्यांना मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे उतारे मागितले. आणि या जोडप्याची खरी गोष्ट तिथे सापडली. विम्याचा वार्षिक हप्ता. शाळा सुरू होतानाची खरेदी. गाडीचं एक मोठं काम. दातांचा डॉक्टर. दोन वेळा गावाबाहेर जाणं. बंद पडलेला फ्रिज. दोघांच्याही तोंडी यातल्या प्रत्येकाला एकच शब्द होता, ‘अचानक’. विम्याचा हप्ता अचानक कसा येईल? त्याची तारीख पॉलिसीवरच छापलेली असते. शाळाही दरवर्षी सुरू होतेच. फ्रिज नेमका कधी बंद पडेल ते सांगता येत नाही हे कबूल, पण घरातलं काही ना काही वर्षात बंद पडणार हे कुणीही सांगेल. सगळ्याची बेरीज करून बाराने भागलं तर महिन्याला ११ आले.

आता गणित बघा. महिन्याला उरतात ३ आणि लागतात ११. दरमहा ८ ची तूट. वर्षाला ९६, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचं अख्खं उत्पन्न. ते दरवर्षी कार्डावर चढत होतं. दर महिन्याच्या वहीत हे कधीच दिसलं नसतं, म्हणूनच दोघांनाही वाटत होतं की समोरचा उधळतोय.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग बायकोकडे न बघताच म्हणाला, “तुला कळत नाही असं मी उगाच म्हणायचो.” माफी म्हणून एवढंच. मला पुरेसं वाटलं. तिला वाटलं की नाही ते मी विचारलं नाही.

कार्डाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ असतो. त्यांच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्के व्याज लागत होतं. ऐकायला तीन म्हणजे किरकोळ. व्याजावर व्याज चढत वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. उताऱ्यावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, ती भरली की कर्तव्य संपलं असं वाटतं. थकबाकीच्या ५ टक्के इतकीच किमान रक्कम दरमहा भरत राहिलात आणि नवी खरेदी एकही केली नाहीत, तरी ती थकबाकी निम्मी व्हायलाच सुमारे ३२ महिने लागतात. आणि हे चालू असताना या दोघांचं एक बचत खातंही होतं, मुलीच्या शिक्षणासाठीचं, ज्यावर याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं व्याज मिळत होतं.

“ते मुलीचं आहे,” ती ताबडतोब म्हणाली. एका खिशात बचत आणि दुसऱ्या खिशात महागडं कर्ज, आणि दोन्ही खिसे एकाच शर्टाचे, हे मी फार घरांत पाहिलंय. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर (२०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं) याला मनातली हिशोबखाती म्हणतात: पैशावर आपण नाव लिहितो आणि मग त्या नावाला हात लावत नाही. ही सवय वाईटच असं नाही, बचत टिकते ती पुष्कळदा तिच्यामुळेच. पण इथे मुलीच्या नावाने ठेवलेला पैसा आईबापांच्या व्याजात आडवाटेने जातच होता. हे पटायला तिला तीन आठवडे लागले. शेवटी संकटासाठी थोडी रक्कम ठेवून बाकीची तिने कार्डात भरली. त्या दिवशी ती रडली असं तिनेच नंतर सांगितलं.

आता तिचा मूळ प्रश्न: आणखी कोणतं काम?

मी म्हटलं, आधी असलेल्या कामाचा तासाचा भाव काढा. शिलाईला बसलेले तासच नाही मोजायचे. दोरे-चेन आणायला जाणं, दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं, ‘अजून थोडं घट्ट करून द्या’ म्हणून परत आलेला कपडा, मशीनचं तेलपाणी, वीज, सगळं धरायचं. आकडा आला तो तिच्या सकाळच्या नोकरीतल्या तासाच्या जेमतेम एक तृतीयांश. आणि वहीत आणखी एक गोष्ट होती. शिलाईतून पगाराच्या शंभराच्या हिशोबात ४ मिळत होते, पण ज्या दिवशी काम जास्त, त्या दिवशी बाहेरून जेवण, मुलांना रिक्षा, वेळ नाही म्हणून महागातली तयार वस्तू. असे जास्तीचे ३ गेले होते. रात्री अकरापर्यंत पाठ मोडून हातात आला १. जोडकामाचा हा खर्च कुणीच धरत नाही. दमलेला माणूस पैसे टाकून वेळ विकत घेतो.

“मग बंद करू?”

मी विचारलं, नोकरीच्या ठिकाणी तास वाढवून मिळतील का? ती गप्प. मग म्हणाली, दोन वर्षांपासून ते विचारताहेत. दोन तास जास्त. पण दुपारी मुलं येतात, त्यांना कोण बघणार?

खोलीत थोडी शांतता पसरली. त्याची नोकरी पहाटेची होती, दुपारी तीनला तो घरी असायचा. दोन वर्षं हा प्रश्न त्या घरात विचारलाच गेला नव्हता. तिने गृहीत धरलं होतं की तो नाही म्हणेल आणि त्याने गृहीत धरलं होतं की तिला मशीनवर बसायला आवडतं. “मला टिपा मारायचा कंटाळा येतो,” ती म्हणाली. हे तो पहिल्यांदा ऐकत होता.

त्या दोन तासांचे आले ९. उरणाऱ्या तीनमध्ये मिळवले की १२, आणि वर्षाच्या खर्चाला हवे होते ११. नवा उद्योग नाही, माल उचलणं नाही. दर वेळी असं सरळ जमत नाही हे मलाही माहीत आहे. अनेकींना नोकरीच नसते, अनेकांच्या नोकरीत तास वाढत नाहीत. त्यांनाही मी आधी तासाचा भावच काढायला सांगते. आणि जे काम सुरू करायच्या आधी तुमच्याकडूनच पैसे मागतं, अनामत, नोंदणी, माल, प्रशिक्षण काहीही म्हणून, तिथे आधी विचारा: हा माणूस माझ्या कामावर कमावणार आहे की माझ्यावरच?

माझी एक चूकही इथे सांगायला हवी. पहिल्या आराखड्यात मी किरकोळीचे ७ कापून २ वर आणले होते. कागदावर छान दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात तो वहीत लिहायचंच थांबला. खोदून विचारल्यावर कळलं की मित्रांबरोबर चहा-सिगारेटवर झालेला खर्च तो लपवत होता, आणि लपवलेला खर्च सापडल्यावर घरात पुन्हा जुनंच भांडण. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर हे मला आधीच सुचायला हवं होतं. मग सात परत आणले: दोन तिचे, दोन त्याचे, तीन घराचे. आपापल्या दोनचा हिशोब कुणी कुणाला द्यायचा नाही, वहीत फक्त ‘माझे’ असं लिहायचं. सिगारेटबद्दल माझं मत मी त्याला वेगळं सांगितलं, पण ते पैशाच्या वहीत मिसळलं नाही.

दोन महिन्यांनी त्याची पगारवाढ होणार होती. ती यायच्या आधीच ठरवा, असं मी म्हटलं. हातात आलेली वाढ पहिल्याच महिन्यात खर्चात मुरते आणि मग ती कमी करणं नुकसानीसारखं बोचतं. न आलेल्या पैशातून कापलेलं बोचत नाही. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी २००४ साली याच कल्पनेवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. कर्मचाऱ्यांनी आधीच कबूल करायचं की प्रत्येक पुढच्या वाढीबरोबर बचतीचा हिस्सा वाढेल. ज्यांनी ते मान्य केलं, त्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. या दोघांनी निम्मी वाढ कार्डाला लिहून ठेवली, आणि कार्ड मिटलं की तोच हप्ता मुलीच्या खात्यात. वर्षाच्या खर्चाचे अकरा पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला दिली. उरले तर बाजूला टाकू, ही पद्धत त्यांनी दहा वर्षं करून पाहिली होती.

पलंगाखालच्या मालाचं काय करायचं यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. मिळेल त्या भावाने काढून टाका, असं माझं म्हणणं. ती म्हणाली, इतके पैसे घातलेत. तो अजून तिथेच असावा.

आठ महिन्यांनी तिचा फोन आला.

“मॅडम, गाडी बंद पडली. मोठं काम निघालं.”

मी विचारलं, मग?

“मग काय, त्या खात्यात होते. दिले. पण काय सांगू, काढताना अगदी जिवावर आलं. कार्ड घासताना कधी असं झालं नव्हतं.” जरा थांबून ती म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून अकराचे बारा करायचे का?”

ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा, मी म्हटलं.

मागून त्याचा आवाज आला, “ठरलंय म्हणावं.”