पाठीवरचे पांढरे पट्टे कसले?

प्रश्न: जानेवारीत लेकीकडे फ्लोरिडाला गेले होते. घरामागच्या कालव्यात एक मॅनेटी, म्हणजे समुद्रगाय आली, म्हशीएवढी, एकदम शांत, पाठीवर पांढरे पट्टे. मला वाटलं जातच तशी असेल. नातवाने बागेचा पाईप धरला तर तोंड वर करून पाणी प्यायला लागली, आम्हाला कोण आनंद! पण शेजारचे आजोबा धावत आले, पाईप बंद करा म्हणाले, कायद्याने बंदी आहे. मुक्या जीवाला पाणी पाजायला बंदी? – एक आजी, नाशिक

उत्तर: आजी, दारात आलेल्या जनावराला पाणी दाखवायचं हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे, त्यामुळे तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्या आजोबांचं बरोबर होतं.

आधी पट्ट्यांचं सांगते. मॅनेटी मुळात राखाडी असते. ते पट्टे म्हणजे बोटीच्या पंख्याने कापलेल्या जखमा, भरून आल्यावर पांढऱ्या पडलेल्या. नीट आठवून बघा, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर असतील. तिथल्या बहुतेक मोठ्या मॅनेटींच्या अंगावर असे वण असतात आणि संशोधक त्या वणांचे फोटो काढूनच कोण कुठली ते ओळखतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं होतं. ती उथळ पाण्यात गवत चरते, दर काही मिनिटांनी श्वासाला वर येते, आणि बोटी पण तिथूनच धावतात. बरं पंख्याला जाळी लावून भागत नाही, कारण नुसत्या बोटीच्या धडकेने बरगड्या मोडतात आणि तिची फुफ्फुसं पाठीलगत लांबच लांब पसरलेली, बरगडी थेट तिथे घुसते. म्हणून स्पीड कमी करणं हाच उपाय, कालव्यात हळू जा असे बोर्ड दिसले असतील ते त्यासाठीच.

आता पाईप. गोडं पाणी तिला आवडतं हे खरं, पण ते नदीत, झऱ्यात मिळतं तिला. एकदा पाईपची सवय लागली की ती माणसांच्या बोटी लावायच्या धक्क्याशी घुटमळायला लागते, म्हणजे बोटींच्या तोंडी. आणि थंडीत तर जास्तच वाईट. दिसते गुबगुबीत पण चरबी फार कमी, पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की आजारी पडते, तेव्हा तिने कोमट झऱ्यात असायला हवं, तुमच्या पाईपपाशी नाही.

पण मला जास्त पोटतिडकीने सांगायचंय ते उपासमारीचं. पूर्व किनाऱ्यावर इंडियन रिव्हर लगून म्हणून मोठी खाडी आहे. सेप्टिक टँकचं सांडपाणी, हिरवळीवरचं खत सगळं वाहून तिच्यात, त्यावर शेवाळ माजलं, ऊन तळापर्यंत पोचेना, गवत मेलं. मॅनेटीला रोज 30-40 किलो चारा लागतो! 2021 मध्ये फ्लोरिडात 1,100 मॅनेटी मेल्या, एका वर्षात इतक्या कधीच मेल्या नव्हत्या, त्यातल्या कितीतरी भुकेने. पुढच्या हिवाळ्यात केप कॅनाव्हरलच्या वीजकेंद्राजवळ तज्ज्ञांनीच लेट्यूसची (सॅलडची) पानं टाकली, 90 टनांच्या वर, तरी त्या वर्षी सुद्धा 800 गेल्या. मादीला 2 ते 5 वर्षांनी एकच पिल्लू होतं हो, कशी भरून येणार ही तूट? आणि 2017 मध्येच त्यांना अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत एक पायरी खाली, म्हणजे कमी धोक्याच्या गटात आणलं होतं, ती घाई झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या जानेवारीत गेलात तर नातवाला ऑरेंज सिटीच्या ब्लू स्प्रिंग या कोमट झऱ्यावर न्या, ऑरलँडोहून तासाभराच्या आत. 1970 च्या दशकात तिथे 36 मॅनेटी मोजल्या होत्या, 2024 च्या जानेवारीत एका दिवशी 900 च्या वर. कडाक्याची थंडी असेल त्या सकाळी लवकर जा, लाकडी पुलावरून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. पोलराइज्ड गॉगल न्या म्हणजे पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाशी झोपलेल्या पण दिसतात.