घरून शिकताना अभ्यासाची चालढकल होते, हा माझा स्वभावच आहे का?

तुम्ही औशाजवळच्या गावात राहून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता, व्याख्यानं मोबाईलवर बघता आणि स्वाध्याय दरवेळी शेवटच्या रात्री लिहिता. त्यावरून स्वतःला आळशी ठरवू नका. स्वभावाचा वाटा असतो, पण कोणत्या स्वभावाचा ते आधी बघा.

संशोधक पिअर्स स्टील यांनी २००७ साली चालढकलीवरचे तोवरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. घट्ट संबंध निघाला तो शिस्तशीरपणा कमी असण्याशी आणि उतावळेपणाशी. चिंतातुर स्वभावाचा संबंध त्यामानाने बराच कमी होता. कॉलेजात उतावळ्या मुलालाही तासाची घंटा आणि शेजारचा बाक धरून ठेवतात. घरी धरून ठेवायला कुणी नसतं.

म्हणून 'पहाटे ५ ते ७ अभ्यास' असं वेळापत्रक करू नका. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री मोटार चालू करायला गेलेला माणूस पहाटे उठत नाही, आणि वेळापत्रक एकदा मोडलं की वहीच बंद होते. अभ्यास घड्याळाला न बांधता रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीला बांधा: 'रात्रीचं ताट उचललं की ओसरीवर बसून पहिल्या प्रश्नाचे चार मुद्दे लिहीन.' 'अमुक झालं की तमुक करीन' असा संकल्प नुसत्या 'उद्या नक्की'पेक्षा जास्त पाळला जातो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसलंय. 'धडा वाचीन' हे मात्र फार मोघम. प्रश्न हाताने वहीत उतरवणं, एवढी लहान सुरुवात ठेवा आणि २५ मिनिटांनी उठा.

व्याख्यान आणि रील एकाच फोनवर असतात, खरी गोम तिथे आहे. व्याख्यान दुपारीच फोनवर डाउनलोड करून घ्या. बघताना डेटा बंद, आणि लिहायला बसलात की फोन आतल्या खोलीतल्या कोनाड्यात.

स्वाध्यायात चार प्रश्न असतील तर दर रविवारी एक. तारखा सोबत शिकणाऱ्या मित्राला ठरवू द्या आणि लिहिलेल्या पानाचा फोटो त्याला त्याच संध्याकाळी पाठवा. एरिली आणि वेर्टेनब्रोख या संशोधकांच्या २००२ च्या प्रयोगात स्वतः तारखा ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरून समान अंतराने तारखा मिळालेल्यांचं काम सरस झालं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मात्र तारीख ठेवूच नका, त्याआधी उरका.

काहींचं दुखणं वेगळं असतं. पहिली ओळ मनासारखी येत नाही म्हणून पेन थांबतो. वही मिटली की क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच सवय लागते. तुमचं असं होत असेल तर पेन्सिलीने दहा मिनिटं मुद्दाम कच्चं लिहा, खोडू नका. एखादा दिवस चुकला तरी स्वतःला बोल लावत बसू नका. पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली, असं २०१० च्या एका अभ्यासात आढळलं होतं.

तुमचं नेमकं कुठे अडतं, हे आठवडाभरात कळेल. अभ्यासावरून उठताना दरवेळी वहीच्या शेवटच्या पानावर एकच शब्द लिहा: कंटाळा, भीती, मोबाईल किंवा घरकाम. 'घरकाम' सगळ्यात जास्त वेळा आलं, तर ती चालढकल नाहीच. ते पान वडिलांसमोर ठेवा आणि रात्रीच्या जेवणानंतरचा एक तास मागून घ्या.