फिशटँकला वेळ किती द्यायचा? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी नवीन टँक कसा लावायचा यावर लिहिलं होतं, त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त वेळेबद्दलचेच आहेत. किती वेळ जातो, कोण करणार, गावाला गेलो तर काय, रविवार सगळा यातच जातोय वगैरे. म्हणून यावेळी फक्त तेच घेतलेत.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याला वाढदिवसाला फिशटँक हवाय. आम्ही दोघंही नोकरी करतो, सकाळी सातची लोकल पकडतो आणि घरी यायला रात्रीचे आठ होतात. दुकानदार म्हणाला काही करावं लागत नाही, महिन्यातून एकदा पाणी बदला आणि काच साफ ठेवायला एक सकर मासा टाका. शेजारच्या काकू म्हणतात फार कटकट असते, त्यांनी वैतागून टँक देऊन टाकला. खरं काय समजायचं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, दुकानदाराचं अजिबात ऐकू नका आणि काकूंचंही सगळंच ऐकू नका. माझ्याकडे हॉलमध्ये २ फुटांचा टँक आहे, २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर, पण खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ४५ लिटरच्या आसपासच असतं. मला पण नेहमी वाटायचं की आपला नक्की किती वेळ जातो म्हणून मी दोन महिने वहीत लिहून ठेवलं. रोज खाणं टाकणं आणि जरा उभं राहून मासे बघणं यात पाच-सात मिनिटं, रविवारी पाणी बदलणं आणि काच पुसणं यात पस्तीस ते चाळीस मिनिटं, आणि महिन्यातून एकदा फिल्टरचा स्पंज पिळायला वीस मिनिटं जास्तीची. आठवड्याचा हिशोब सव्वा ते दीड तास. त्यातला अर्धा वेळ तर खाणं टाकण्याचा आणि मासे बघण्याचा आहे, जो तुमचा मुलगा तुम्ही न सांगता देईल.

आता रविवारच्या चाळीस मिनिटांत काय करायचं. सगळं पाणी काढायचं नाही, फक्त पाव भाग, म्हणजे या टँकला ११-१२ लिटर, आपली एक बादलीसुद्धा पूर्ण भरत नाही. सायफनच्या पाइपने खड्यांमधला गाळ ओढत ओढत पाणी काढायचं, ते बाल्कनीतल्या कुंड्यांना घालायचं (झाडं खूष होतात, खरंच सांगते), आणि तेवढंच नवीन पाणी अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून हळूहळू ओतायचं. झालं.

सकर मात्र आणू नका प्लीज. दुकानात बोटाएवढा दिसतो पण तो फुटा-दीड फुटाचा होतो, काचेवरचं शेवाळ लहानपणी खातो, मोठा झाला की घाण खाण्याऐवजी स्वतःच सगळ्यात जास्त घाण करतो, म्हणजे तुमचं काम वाढणार. आणि मग लोक कंटाळून त्याला तलावात नाहीतर नदीत सोडतात, आपल्याकडच्या कितीतरी तलावांत तो असाच पसरलाय आणि तिथल्या देशी माशांच्या मुळावर आलाय. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं म्हणून प्रत्येक वेळी सांगते.

एक गोष्ट वाढदिवसाच्या आधी करा. टँक, फिल्टर, पाणी हे सगळं दीड महिना आधी आणून चालू करून ठेवा, मासे न टाकता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विष आहे, त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढतात आणि त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात रोज चिमूटभर खाणं टाकत राहायचं म्हणजे त्या जिवाणूंना अमोनिया मिळतो. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणायचे, तेही चार-पाचच. मला वाटतं काकूंची कटकट इथूनच सुरू झाली असणार. पहिल्याच दिवशी पंधरा मासे टाकले की पुढचा महिनाभर रोज पाणी बदलत बसावं लागतं, मग माणूस वैतागणारच.

प्रश्न : माझा ३ फुटांचा टँक आहे. दर महिन्याला मी सगळे मासे बादलीत काढतो, टँक रिकामा करतो, खडे घासून धुतो, फिल्टर नळाखाली स्वच्छ करून उन्हात वाळवतो आणि नवीन पाणी भरतो. चार-साडेचार तास जातात. एवढी मेहनत करूनही पुढच्या दोन-तीन दिवसांत दोन-तीन मासे मरतातच. काय कमी पडतंय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमची मेहनत कमी पडत नाहीये, ती जास्त होतेय आणि चुकीच्या जागी होतेय. हे वाचून तुम्हाला त्रास होईल पण मासे त्या धुण्यामुळेच मरतायत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर ज्या जिवाणूंबद्दल लिहिलं ते पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून असतात. तुम्ही स्पंज नळाखाली धरता तेव्हा पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, जे वाचतात ते उन्हात मरतात. म्हणजे दर महिन्याला तुमचा टँक परत पहिल्या दिवसावर येतो, फरक एवढाच की आता त्यात पूर्ण वाढलेले मासे आहेत आणि ते पहिल्या तासापासून अमोनिया सोडतायत.

दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही. महिनाभर पाणी न बदलता टँक ठेवला की त्यातला पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्लधर्मी) हळूहळू उतरत जातो. पीएच कमी असताना पाण्यात साठलेला अमोनिया अशा रूपात असतो की माशांना त्याचा तेवढा त्रास होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. पण मासेही रोज थोडं थोडं करून त्या पाण्याला सरावलेले असतात. तुम्ही त्यांना एका झटक्यात संपूर्ण नव्या पाण्यात टाकता, पीएच वेगळा, क्षार वेगळे, तापमान वेगळं, तो धक्का त्यांना झेपत नाही. शिवाय नव्या पाण्याचा पीएच वरचा असला की फिल्टरमधले जिवाणू मेल्यामुळे जो अमोनिया आता साठायला लागतो तो जास्त विषारी रूपात साठतो. त्यात तुमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते थेट भरलं तर अजूनच वाईट.

आता हे चार तास असे वाटून घ्या की दर रविवारी पाऊण-एक तास, पाव भाग पाणी बदल, बादली आदल्या रात्री भरून घरात ठेवायची म्हणजे पाणी थंड होतं आणि साधं क्लोरीन बरंचसं उडूनही जातं, तरीपण अँटी-क्लोरीन टाकाच. खडे बाहेर काढायचेच नाहीत, सायफन त्यांच्यात खुपसून गाळ ओढायचा, आज डावा अर्धा, पुढच्या रविवारी उजवा. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या त्याच घाण पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळायचा आणि परत लावायचा, तो तपकिरी दिसला तरी चालेल, पांढराशुभ्र नकोच आहे. आणि मासे बादलीत काढायची गरजच नाही, जाळीने पकडताना ते जेवढे घाबरतात आणि त्यांचे खवले निघतात तेवढं नुकसान थोड्या गाळाने कधीच होत नाही. फक्त एक काळजी घ्या, तुमचा टँक आत्ता महिनाभर न बदललेला असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत एकदम पाव भाग नका बदलू, एक दिवसाआड थोडं थोडं, बादली-बादली बदला आणि मग रविवारवर या.

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं म्हणून काहीजण बादलीत तुरटी फिरवतात, ते पाणी टँकला वापरू नका, तुरटीने पीएच खाली जातो.

प्रश्न : गणपतीला आम्ही १० दिवस गावी जातो, घर बंद असतं. चार गप्पी, दोन मॉली, एक गुरामी आहे. शेजारी चावी घेतील, पण मागच्या वर्षी परत आलो तर पाणी दुधासारखं पांढरं आणि निम्मे मासे गेलेले. – एक वाचक, ठाणे

उत्तर : शेजाऱ्यांनी प्रेमाने जास्त खाणं घातलं असणार, त्यांना दोष नाही, ज्याने मासे पाळले नाहीत त्याला अंदाज येत नाही, मासे वर आले की वाटतं भूक लागलीये. निरोगी मोठे मासे आठवडाभर काहीही न खाता आरामात राहतात (पिल्लं नाही राहत, पिल्लं असतील तर वेगळा विचार करा). तुम्ही असं करा, कागदाच्या तीन छोट्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा, आणि खाण्याचा मोठा डबा कपाटात ठेवून द्या. शेजाऱ्यांनी तीन-तीन दिवसांनी येऊन एक पुडी टाकायची, फिल्टर चालू आहे ना बघायचं, संपलं, दोन मिनिटांचं काम. दुकानात सुट्टीसाठी मिळणारे पांढरे विरघळणारे ठोकळे घेऊ नका, पाणी खराब करतात.

निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, अगदी निघता निघता नको, काही गडबड झाली तर लक्षात यायला वेळ हवा. लाइटला टायमर लावा. जायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत एकही नवीन मासा आणू नका, त्याच्यासोबत रोग आला तर बघायला कोणी नसतं. आणि एअर पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर लाइट गेली की टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येतं.

प्रश्न : टेबलावर ठेवायला छोटा गोल बाऊल घेतला तर काम कमी होईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, वाढेल. ३ लिटर पाण्यात एक मासा जेवढा अमोनिया सोडतो तो विरळ व्हायला पाणीच नसतं, म्हणून दिवसाआड पाणी बदलावं लागतं आणि तरीही मासा जगण्याची खात्री नाही. फायटर मासा हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून लोकांना वाटतं त्याला बाऊल चालतो, पण श्वास घेता येणं आणि विषारी पाणी सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किमान २० लिटरचा टँक आणि एक साधा स्पंज फिल्टर घ्या, आठवड्याला वीस मिनिटांत भागेल.

प्रश्न : माझा प्लँटेड टँक (जिवंत पाणवनस्पतींचा) आहे, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, खतं, दिवसाला १० तास लाइट. दर रविवारी अडीच-तीन तास छाटणी आणि शेवाळ काढण्यात जातात, घरचे आता चिडायला लागलेत. छंद सोडायचा नाहीये. – एक वाचक, पुणे

उत्तर : सोडू नका. पाणवनस्पतींच्या टँकसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानच्या ताकाशी अमानो यांचे टँक बघून आपल्यापैकी बरेच जण याच्या प्रेमात पडलो. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी २०१५ मध्ये केलेला टँक ४० मीटर लांब आणि १ लाख ६० हजार लिटरचा आहे, तिथे डायव्हर पाण्यात उतरून छाटणी करतात. म्हणजे तसं रूप टिकवायला माणसं लागतात, घरी तुम्ही एकटेच आहात.

तुम्ही झाडांना जेवढं पळवाल तेवढं मागे धावावं लागतं. लाइट दहावरून सहा-सात तासांवर आणा, यानेच शेवाळ बरंच आटोक्यात येईल. मग मागच्या बाजूला रोटालासारखी भराभर वाढणारी झाडं असतील तर ती थोडी कमी करून तिथे अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन लावा, यांना महिनाभर कात्री लागत नाही आणि सीओटूशिवायही जगतात. रोटाला पूर्ण काढा असं मी म्हणणार नाही, मलाही ती फार आवडते, या जातीतल्या काही वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) पावसाळ्यात उगवतात, एका कोपऱ्यात ठेवाच. क्रिप्टोकोरीनची पानं जागा बदलल्यावर गळतात, घाबरू नका, मुळं जिवंत असतात, परत येतात. दोन महिन्यांत रविवारचा वेळ तासाभरावर यायला हवा.

प्रश्न : माझं वय ७१. सौ.ने आणलेले दोन गोल्डफिश आहेत, ती गेल्यावरही मी ते सांभाळले, आता आठ वर्षांचे आहेत. पण गुडघे दुखतात, बादल्या उचलवत नाहीत, दोन तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी झोपूनच राहावं लागतं. कोणाला देऊन टाकू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, आठ वर्षं गोल्डफिश जगवणं सोपं नाही, बहुतेकांचे वर्षभरही टिकत नाहीत. चांगल्या टँकमध्ये ते पंधरा वर्षांपर्यंत आणि कधी त्याहून जास्तही जगतात, त्यामुळे देऊन टाकायचा विचार आत्ता करू नका, आधी बादली उचलणं बंद करू.

पाणी काढताना लांब पाइप घ्या, एक टोक टँकमध्ये आणि दुसरं थेट मोरीत किंवा अंगणातल्या झाडांत, तोंडाने ओढू नका, रबरी फुगा असलेला सायफन मिळतो. भरताना एक मोठा टब टँकच्या जवळ जमिनीवर ठेवा, तो नळाला पाइप लावून भरा, त्यात अँटी-क्लोरीन टाका आणि कूलरला लागतो तसला छोटा पाण्यातला पंप नवीन आणून टबात सोडा, तो पाणी वर टँकमध्ये चढवेल. तुम्ही शेजारी खुर्चीवर बसून पाइप धरायचा. हात पाण्यात घालायच्या आधी मात्र पंपाचा, फिल्टरचा, सगळ्यांचे प्लग काढायचे, हे एकदाही विसरायचं नाही.

गोल्डफिश घाण जास्त करतात त्यामुळे दर आठवड्याचं पाणी बदलणं चुकवता येणार नाही, पण खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या आणि आठवड्यातून एक दिवस उपास, गाळ बराच कमी होतो. खड्यांचा थर जाड असेल तर कोणाच्या तरी मदतीने दर पंधरवड्याला थोडे थोडे काढून अगदी पातळ करा, म्हणजे वाकून सायफन फिरवत बसावं लागणार नाही. पंप लावल्यावर पहिल्या रविवारी किती वेळ लागला ते मला नक्की कळवा, आणि दोघांचा एक फोटोही पाठवा.